दिवाण, डबीर आणि मातीची पाटी

ताथवडे, पुनावळे, मारुंजी या पट्ट्यात शेतांच्या इमारती कशा झाल्या, याचा सगळा इतिहास कागदांवर आहे. खरेदीखत, सातबारा, मिळकतकराची पावती, भावकीतला दिवाणी दावा. कागद मराठी असतात, पण ज्या शब्दांवर व्यवहार अडतो किंवा सुटतो, ते बहुतेक बाहेरून आलेले: तारीख, सन, मालक, दिवाणी. कुठून आले, असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते: फारसीतून, अरबीतून. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हापासून हे उत्तर अधिकच पक्के झाले आहे. ते खोटे नाही. पण मुंबईहून बंगळुरूला निघालेला ट्रक ताथवड्यापाशी महामार्गावर चहाला थांबला, म्हणून तो ताथवड्याचा होत नाही. फारसी हा या शब्दांचा एक थांबा होता. त्यांच्यापैकी काहींच्या मागे अरमाइक भाषा आहे, आणि तिच्याही मागे इराकच्या ओल्या मातीवर टोचून लिहिलेली असिरियन लोकांची भाषा. असे शब्द मराठीत खरोखर आहेत. मात्र ते शोधायचे तर कानाला भासणाऱ्या साम्यावर विसंबता येत नाही. शब्द वाटेत कुठे कुठे उतरला, त्या थांब्यांची लेखी नोंद दाखवावी लागते. ही कसोटी लावली की देवदैत्यांची डौलदार नाती गळून पडतात आणि कारकुनांची, बाजारातली, चुलीपाशी घुटमळणारी नाती टिकतात.

आधी भाषेचे नाव नीट लावून घेऊ. एकोणिसाव्या शतकात जिला 'असिरियन' म्हणत, तिला आज अभ्यासक अक्कादी म्हणतात. तिच्या दोन मुख्य बोली: उत्तरेला, तैग्रिस नदीकाठच्या अश्शूर नगराच्या परिसरात असिरियन आणि दक्षिणेला बाबिलोनी. मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने उमटवलेल्या खिळ्यासारख्या खुणा, ही तिची लिपी. ही लिपी वाचणाऱ्या पहिल्या चौघांत हेन्री रॉलिन्सन होता, आणि तो आपल्या भागाला अगदीच परका नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात तो १८२७ साली दाखल झाला. इराणला जाण्यापूर्वी त्याने पुण्याहून पनवेलपर्यंतचे ७२ मैल घोडे बदलत ३ तास ७ मिनिटांत कापले होते, आणि त्या काळी त्या दौडीची मोठी चर्चा झाली होती. बोरघाटाकडे जाणारी ती वाट चिंचवडच्या बाजूनेच जाते. घोड्यावरून त्याला आजूबाजूचे काही दिसले असेल, असे मात्र वाटत नाही. पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दरायस राजाने कोरवलेला प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिलोनी असा तिहेरी लेख त्याने उतरवून घेतला, आणि त्यातून वाचनाची किल्ली सापडली. १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच असिरियन लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपेर या चौघांकडे वेगवेगळा पाठवला. चौघांची भाषांतरे मुख्य आशयात जुळली, तेव्हा ही भाषा वाचता येते हे जगाने मान्य केले. शब्दांची वंशावळ मांडायचा अधिकार त्या दिवसापासून मिळाला. त्याआधीचे सगळे नुसते तर्क होते.

अक्कादी ही सेमिटिक कुळातली, म्हणजे अरबी, हिब्रू, अरमाइक यांची नातलग. हे नाते किती काटेकोर आहे ते पाहायला दूर जावे लागत नाही. जुने मोडी कागद पुरतात. चिंचवडच्या देव संस्थानाला वेगवेगळ्या सत्तांनी इनामे दिली. त्या काळच्या मराठी कागदांवर शुहूर सनाची तारीख असते आणि ती आकड्यांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत लिहिलेली असते. १६७४-७५ हे वर्ष 'खमस सबैन व अलफ', म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, असे येते. इतिहासाचे अभ्यासक सलास, अर्बा, खमस, सबा, तिसा, अशर हे शब्द तोंडपाठ करतात. आता यांच्यासमोर अक्कादी संख्या ठेवा: शालाश, एर्बे, खामिश, सेबे, तिशे, एशेर. एखादा शब्द योगायोगाने जुळेल; सहाच्या सहा ओळीने जुळतात तेव्हा तो योगायोग नसतो. आणि जिथे फरक आहे, तिथेही शिस्त आहे. अरबीत जिथे घशातून येणारा 'ऐन' हा वर्ण आहे, तिथे अक्कादीने तो गिळला आणि शेजारच्या 'अ'चा 'ए' केला. म्हणून अर्बअ ते एर्बे, सबअ ते सेबे, तिसअ ते तिशे, अश्र ते एशेर. अरबी 'बअल' म्हणजे धनी. अक्कादीत तो 'बेल' होतो. बायबलात बआल आणि बेल अशी दोन देवनामे भेटतात, त्यांमागे हाच नियम आहे. भाषांचे नाते सिद्ध होते ते असे, फरकांच्या नियमितपणातून. साम्य उलट कधीकधी फसवतेच. मराठी कागदातला 'सलास' हा अक्कादी 'शालाश'च्या अगदी जवळचा वाटतो, मूळ अरबी 'थलाथ'पेक्षाही जवळचा. पण ही जवळीक निव्वळ अपघाती आहे: फारसी तोंडाला अरबी 'थ' उच्चारता येत नाही, तिने त्याचा 'स' केला, आणि तोच मराठीत आला. कानावर भरवसा ठेवणारा इथे हमखास चुकीचा निष्कर्ष काढील.

या संख्या, आणि खरेदीखतातले बरेचसे शब्द, असिरियनचे वंशज नाहीत, भाऊबंद आहेत. 'सन' हा अरबी 'सना'वरून आला आणि अक्कादीत वर्षाला 'शत्तु' म्हणत, ज्यातला मूळचा 'न' पुढच्या 'त'त विरून गेला. 'मालक' आणि 'मलिक' ज्या धातूचे, त्याच धातूचा अक्कादी 'मल्कु' म्हणजे राजपुरुष. औरंगाबादची नहर-ए-अंबरी सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधली. त्या 'नहर'चा अक्कादी भाऊ 'नारु' म्हणजे नदी. 'तारीख' या शब्दाच्या पोटात महिन्यासाठीचा जुना सेमिटिक शब्द आहे आणि अक्कादीत तो 'वर्खु' असा दिसतो. चुलत्याचे घर आणि वडिलांचे घर यांत वारसाहक्काच्या दृष्टीने केवढा फरक असतो, हे वाटणीचे दावे पाहिलेल्या गावाला सांगायला नको. हे शब्द अश्शूरहून निघून ताथवड्याला आले नाहीत. एकाच आजोबाची एक शाखा अश्शूरला राहिली, दुसरी अरबस्तानातून फारसीच्या संगतीने दख्खनला आली. 'मराठीत असिरियन शब्द' अशी जी यादी अधूनमधून कुणी मोठ्या उत्साहाने मांडतो, तिच्यातले निम्मेअधिक शब्द या खात्यातले असतात. नाते खरे असते, दिशा चुकलेली असते.

खरोखर प्रवास करून आलेला, प्रत्येक थांब्यावर नोंद ठेवून आलेला शब्द हवा असेल तर 'दिवाणी'कडे वळावे. गोष्ट सुमेरी लोकांपासून सुरू होते. लिहिण्याच्या मातीच्या पाटीला ते 'दुब' म्हणत. सुमेरी ही सेमिटिक नव्हे, वेगळ्याच कुळातली भाषा. पण लिहिण्याची कला अक्कादी लोकांनी तिच्याकडून घेतली आणि शब्दही उचलला: 'तुप्पु'. शेजारच्या एलाममध्ये, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य इराणात, तो 'तुप्पि' झाला. तिथे हखामनी सम्राटांचे राज्य आले, आणि दरायस राजा बेहिस्तूनच्या लेखात आपल्या कोरीव लेखाला 'दिपि' म्हणतो. पाटी मातीची राहिली नव्हती, कडा दगडाचा होता, पण शब्द तोच. या 'दिपि'वरून इराणी भाषांत दोन शब्द निघाले. लिहिणारा तो 'दिबीर', पुढे 'दबीर'. आणि जिथे लेख, नोंदी ठेवतात ते 'दीवान'. अरबांनी इराण जिंकल्यावर खजिन्याच्या आणि सैन्याच्या नोंदवह्यांना हाच शब्द लावला. नोंदवहीवरून कचेरी, कचेरीवरून दरबार, दरबारावरून तिथला मुख्य अधिकारी, आणि दरबारात भिंतीलगत बसायची जी गादी असते तीही. मराठीने या सगळ्या पायऱ्या एकदम उचलल्या. संस्थानचा दिवाण, वाड्याचा दिवाणखाना, दिवाणी न्यायालय, गझलकाराचा दीवान, आणि फर्निचरच्या दुकानात मिळणारा, खाली गाद्या-रजया ठेवायचा दिवाण. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाहुण्यांसाठी टाकलेल्या दिवाणाचा आणि फ्लॅटच्या कज्ज्याच्या दिवाणी दाव्याचा मूळपुरुष एकच, मातीची पाटी. या शब्दाची एक लोकप्रिय व्युत्पत्तीही आहे. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात ती नोंदवली: इराणच्या खुस्रोने आपले कारकून स्वतःशी पुटपुटत हिशेब करताना पाहिले आणि म्हणाला, हे तर दिवाणे, वेडे. गोष्ट छान आहे आणि कारकुनांचा अनुभव असलेल्या कुणालाही पटेल अशी आहे. तिच्यात थांब्यांची नोंद नाही, एवढाच दोष.

'दबीर' मराठीत 'डबीर' झाला. शहाजीराजांच्या आणि शिवाजी महाराजांच्या सेवेतले सोनोपंत डबीर इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहेत. परराज्यांशी पत्रव्यवहार आणि वकिली हे डबिराचे काम. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे देण्यात आली: पेशव्याचे पंतप्रधान, सुरनीसाचे सचिव, डबिराचे सुमंत. रघुनाथपंडितांचा राज्यव्यवहारकोश याच धोरणातून जन्मला. हुद्दा बदलला तरी आडनाव उरले, आणि आजही डबीर आडनावाची माणसे एका सुमेरी शब्दाने सही करतात. पण खरी गंमत पुढे आहे. फारसी हटवून संस्कृत आणायचे म्हणून कुणी 'लिपी' हा शब्द जवळ केला, तर त्याने डबिराच्याच सख्ख्या भावाला दारातून आत घेतले असे होईल. कारण लिपी म्हणजे दिपि.

इथे मराठी वाचक लगेच अडवील, आणि त्याने अडवावेच. संस्कृतात 'लिप्' धातू आहे, मराठीत लिंपणे आहे. शाई लिंपून लिहितात म्हणून लिपी, एवढी घरची व्युत्पत्ती असताना इराण आणि इराक कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर धातुपाठात नाही, अशोकाच्या शिलांवर आहे. अशोकाने एकच धर्मलेख साम्राज्यभर कोरवला, त्याचे तुकडे आपल्याकडे सोपाऱ्यालाही सापडले. गिरनारच्या प्रतीत त्याला 'धंमलिपि' म्हटले आहे. पण वायव्येला, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या प्रतींत शब्द आहे 'दिपि'. 'द'चे रूप नेमके तिथेच आढळते, जिथे आधी हखामनी राज्य होते. आणि ते एकटे आलेले नाही: शाहबाजगढीच्या लेखात 'लिहिलेले' यासाठी 'निपिस्त' असा शब्द येतो, जो सरळ प्राचीन फारसी आहे. याच इराणी क्रियापदाची फारसीतली पुढची पिढी म्हणजे 'नवीस', लिहिणारा. त्यातून आपले फडणीस, चिटणीस, पारसनीस. शिवाय ऋग्वेदात लिपी हा शब्द नाही. तो प्रथम ठळकपणे भेटतो पाणिनीकडे, आणि पाणिनी 'लिपि' आणि 'लिबि' अशी दोन रूपे देतो. घरच्या धातूपासून सरळ झालेल्या शब्दाला असे डळमळीत रूप का असावे? पाणिनीचे गाव शलातुर, तेही गांधारातले, म्हणजे त्याच सीमेवरचे. तेव्हा 'लिप्' आणि 'लिख्' या धातूंनी पाहुण्याला घरचा पेहराव दिला, 'द'चा 'ल' होण्यात त्यांचा हात असावा, हे मी मान्य करीन. जन्म मात्र त्यांनी दिला नाही. देवनागरी लिपी या जोडनावातला उत्तरार्ध बाबिलोनहून आला, याने काहींना वाईट वाटते. वास्तविक, लिहिणे शिकलेल्या बहुतेक सगळ्या लोकांनी लिहिण्याचे शब्द शेजाऱ्याकडूनच घेतले आहेत.

दुसरा शब्द खास असिरियन पेढ्यांतला. आज तुर्कस्तानात असलेल्या कानेश या गावी इ.स.पू. १९०० च्या आसपास अश्शूरच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती. गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि कापड घेऊन ते येत आणि चांदी-सोने घेऊन परत जात. तिथे २०,००० हून अधिक मातीच्या पाट्या सापडल्या आहेत: हुंड्या, तगादे, भागीदारीतली भांडणे, घरी राहिलेल्या बायकांची टोचून लिहिलेली पत्रे. व्यापारी असिरियन बोलणारे, गिऱ्हाईक अनातोलियाच्या चार भाषा बोलणारे. मध्ये माणूस हवा. त्या माणसाचे नाव 'तर्गुमान्नु', दुभाषा. चाकणच्या कारखान्यांत जर्मन, जपानी, कोरियन बोलणाऱ्यांमध्ये जो माणूस बसतो, तोच हा. हा शब्द अरमाइकात गेला. ज्यूंनी आपल्या धर्मग्रंथांच्या अरमाइक भाषांतराला 'तर्गुम' म्हटले. अरबीत 'तर्जुमा' झाला आणि फारसीवाटे मराठी दप्तरात आला. पश्चिमेकडे याच शब्दाचे 'ड्रॅगोमन' झाले. खुद्द असिरियनांनीही तो अनातोलियातल्या एखाद्या भाषेतून घेतला असावा, असे मानायला जागा आहे, कारण हित्ती भाषेत जाहीर करणे, सांगणे यासाठी जवळचे क्रियापद आहे. भाषांतर करणाऱ्याचे नावच भाषांतरित होत फिरले, यात नवल नाही.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात. हिंजवडीकडे जाताना प्रत्येक दुसऱ्या हॉटेलच्या पाटीवर असलेला तंदूर हा अक्कादी 'तिनूरु', चूल. अरमाइक 'तन्नूरा', अरबी-फारसी 'तनूर' हे त्याचे थांबे. 'मण' हे माप अक्कादी 'मनू'चे; तेच ग्रीकांचे 'म्ना'. पण असिरियनांचा मनू जेमतेम अर्धा किलो भरे आणि आपला चाळीस शेरांचा मण सुमारे ३७ किलो. नाव आले, वजन आले नाही. शब्द आणि वस्तू एकाच गाडीने प्रवास करतात, असे समजू नये. उलटा दाखला कापसाचा. असिरियाचा राजा सेन्नाखेरिब, इ.स.पू. ७०५ ते ६८१, आपल्या बागेत 'लोकर धरणारी झाडे' लावल्याचे सांगतो. लोक ती लोकर खुडून कापड विणत. हा कापूस, आणि तो पूर्वेकडून आला असणार. पण त्याने कार्पास शब्द घेतला नाही, घरच्याच शब्दांत काम भागवले.

आता डौलदार नात्यांकडे. असुर म्हणजे अश्शूर, हे समीकरण महाराष्ट्रात इतक्यांदा मांडले गेले आहे की ते सिद्ध झाले आहे असाच समज पसरला. पुराणातले असुर बलाढ्य, नगरे बांधणारे, क्रूर, असिरियनही तसेच, नावही तेच. याला उत्तर रॉलिन्सनच्याच कड्यावर आहे. संस्कृत 'स'चा इराणीत 'ह' होतो: सिंधूचा हिंदू, सप्ताहाचा हफ्ता, जो घरकर्जाचा हप्ता होऊन दर महिन्याला आपल्याकडे परत येतो. त्याच नियमाने असुराचा अहुर झाला. बेहिस्तूनच्या लेखात दरायस ज्या देवाला स्मरतो तो अहुरमज्द. आणि त्याच लेखात, त्याच्या ताब्यातल्या देशांच्या यादीत, असिरियाचे नाव आहे 'अथुरा'. एकाच लेखात, एकाच भाषेत, दोन शब्द शेजारी आणि दोन्ही वेगळे. इराणी माणसाला आपला देव आणि ताब्यातला देश हे एकाच नावाचे आहेत असे मुळीच वाटले नव्हते. 'असुर'चे घर 'असु', प्राण, या शब्दाशी आहे, आणि ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही ते गौरवाने लावले आहे. 'परशु'ची कथा याहून बोलकी. तो अक्कादी 'पिलक्कु' म्हणजे कुऱ्हाड या शब्दावरून आला, असे युरोपातल्या नामांकित विद्वानांनी बराच काळ शिकवले. मग पाट्यांचे वाचन पुढे गेले आणि कळले की पिलक्कु म्हणजे कुऱ्हाड नव्हेच. ती सूत कातायची चाती. परशुरामाच्या हातात चाती देण्यापेक्षा व्युत्पत्ती सोडून देणे बरे, हे सगळ्यांना पटले. तसेच दुर्गाचे. असिरियाच्या दुसऱ्या सर्गोन राजाची राजधानी दूर-शर्रुकीन, तटबंदीचे नगर. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग म्हणणाऱ्या कानाला तिथे आपला दुर्ग ऐकू येतोच. पण दुर्ग म्हणजे 'दुर्' अधिक 'ग', जिथे जाणे कठीण तो. आणि अक्कादी 'दूरु' हा वेढणे, फिरणे या अर्थाच्या धातूचा, ज्याचा अरबी भाऊ मराठीत 'दौरा' म्हणून आला आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पुण्यातूनच येतो, आणि तो लोकमान्य टिळकांचा आहे. १९१७ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या गौरवग्रंथात टिळकांनी खाल्डियन आणि भारतीय वेदांवर निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातल्या सर्पविष उतरवण्याच्या सूक्तात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे शब्द आहेत, ज्यांचा अर्थ भाष्यकारांनाही नीट लागत नव्हता. टिळकांनी तैमाताला बाबिलोनच्या सृष्टिकथेतल्या तियामत या जलदैत्येशी आणि उरुगूलेला 'मोठे नगर' म्हणजे पाताळ या अर्थाच्या सुमेरी शब्दाशी जोडले. याला 'असुर म्हणजे अश्शूर' या पंक्तीत बसवणे अन्याय होईल. त्यांनी जे शब्द निवडले ते घरी न बसणारे, अनाथ शब्द होते, आणि मंत्रतंत्रातले शब्द परमुलखातून उसने घेतले जातात हे जगभर दिसते. तैमाताचा दाखला म्हणूनच अजूनही चर्चेत येतो. पण आलिगी-विलिगीचा माग आपल्याला लागला नाही, असे टिळक स्वतःच सांगतात, आणि तरीही 'बिल्-गि' या देवनामाच्या आधाराने ते शब्द त्याच वळणाचे ठरवतात. ते देवनाम आता तसे वाचलेच जात नाही. तीच चिन्हे 'गिबिल' अशी वाचतात. आधाराचा खांबच सरकला. टिळकांच्या चिकित्सेत बुद्धीची कमतरता नव्हती, थांब्यांची होती. बाबिलोन आणि अथर्ववेद यांच्यामध्ये त्यांना एकही लेखी मुक्काम दाखवता आला नाही, आणि १९१७ साली तो कुणालाच दाखवता आला नसता.

कारण मोहेंजोदडोची कुदळ अजून पडायची होती. ती पडल्यावर कुणी म्हणेल की आता तर संपर्कच सिद्ध झाला, मग सरळ समुद्रमार्गे शब्द आले असे का मानू नये? संपर्क निर्विवाद आहे. इ.स.पू. तेविसाव्या-चोविसाव्या शतकातला अक्कादचा राजा सर्गोन अभिमानाने सांगतो की मेलुह्हाची जहाजे आपल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. मणी आले, वजने आली, शिक्के आले. पण सिंधूची लिपी वाचता येत नाही, म्हणून मेलुह्हाच्या बाजूचा थांबा कोराच राहतो. म्लेच्छ हा शब्द मेलुह्हावरून आला असे सुचवणाऱ्यांनाही याच कोऱ्या जागेवर उडी मारावी लागते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्या काळचा एक दंडगोल शिक्का आहे. मालकाचे नाव शु-इलिशु आणि व्यवसाय 'एमे-बल मेलुह्हा', म्हणजे मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा. सुमेरीत शब्दशः जीभ पालटणारा. सिंधूकाठची भाषा जाणणारा आणि नावानिशी आपल्याला माहीत असलेला हा एकमेव माणूस. शिक्का दगडाचा आहे, अक्षरे स्वच्छ आहेत, आणि तो रोज जी भाषा बोलत असे, तिच्यातला एकही शब्द त्यावर कोरलेला नाही.